इंग्रजी वाक्याचा अन्वय

घरांतील कोणत्या मुलाचें इंग्रजी कच्चें आहे, असें विचारलें तर प्रत्येक घरांतून एक-दोन नांवें तरी निघतात. आणि तीं ज्यांचीं असतात तीं मुलें बहुधा मंद नसतात. गणितांत तीं बरीं असतात, सुभाषितें त्यांना मुखोद्गत असतात, इंग्रजी शब्दहि त्यांनीं शेंकड्यांनीं पाठ केलेले असतात. परंतु "काल संध्याकाळीं तूं काय केलेंस तें इंग्रजींत चार वाक्यांत सांग," असें म्हटलें कीं तोंड बंद! महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून मराठी शाळांतहि पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवितात. म्हणजे शालान्त परीक्षेपर्यंत तब्बल दहा वर्षांचा सहवास झाला. इतक्या वर्षांनंतर चार वाक्यें जुळवितां येऊं नयेत, हें विद्यार्थ्याच्या आळसाचें फळ समजून आपण मोकळे होतों. आयुष्याचा मोठा भाग फळ्याजवळ उभें राहून काढल्यावर मला तसें वाटत नाहीं. मुलापाशीं शब्द असतात, शब्दांचीं रूपेंहि असतात. कोणता शब्द कोठें बसवावयाचा आणि कां, एवढेंच त्याला कोणीं सांगितलेलें नसतें.

या अडचणीचें मूळ त्याच्या बुद्धींत नसून दोन भाषांच्या प्रकृतींत आहे. आणि तें समजून घेण्याचें साधन सुशिक्षित मराठी घरांत आजहि सांपडतें. ज्यांनीं रघुवंशाचा एखादा सर्ग गुरुजींपुढें बसून लाविला असेल त्यांस 'अन्वय' हा शब्द नवा नाहीं. श्लोकांत विखुरलेलीं पदें अर्थाच्या क्रमानें लावून घेणें म्हणजे अन्वय. संस्कृताच्या विद्यार्थ्याला तो श्लोक वाचून झाल्यावर करावा लागतो. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला तोंड उघडण्यापूर्वींच करावा लागतो.

प्रथम आपल्या भाषांची रीत पाहूं. 'व्याघ्रः व्याधं हन्ति' या वाक्यांत तीन पदें आहेत. तीं सहा प्रकारांनीं मांडतां येतात. 'व्याधं व्याघ्रो हन्ति' म्हणा, 'हन्ति व्याधं व्याघ्रः' म्हणा, मरतो तो शिकारीच. वाघाच्या केसालाहि धक्का लागत नाहीं. कारण मारणारा कोण आणि मरणारा कोण, हें पदाच्या जागेवरून ठरत नसून पदाच्या शेवटावरून ठरतें. प्रथमेचा विसर्ग ज्याच्या अंगावर तो कर्ता, द्वितीयेचा अनुस्वार ज्याच्या अंगावर तें कर्म. मराठींतहि तसेंच आहे. 'वाघानें शिकाऱ्याला मारलें' आणि 'शिकाऱ्याला वाघानें मारलें' यांत भर कशावर द्यावयाचा एवढाच फरक. प्रत्यय आपल्या पदाला चिकटून असतो. पद कोठेंहि नेलें तरी ओळख त्याच्याबरोबर जाते.

आतां इंग्रजींत पाहा. 'द टायगर किल्ड द हंटर' म्हणजे वाघानें शिकाऱ्याला मारलें. तेच शब्द, एका अक्षराचाहि फरक न करितां, उलट बाजूंनीं ठेवा: 'द हंटर किल्ड द टायगर'. क्षणांत शिकारी जिवंत झाला आणि वाघ मेला! 'टायगर' या शब्दाला ना 'नें' आहे, ना 'ला' आहे. तो क्रियापदाच्या आधीं बसला म्हणून कर्ता, नंतर बसला म्हणून कर्म. इंग्रजींत जागा हीच विभक्ति आहे. आपल्या पंगतींत यजमान कोठेंहि बसला तरी तो यजमानच असतो, त्याला सगळे ओळखतात. इंग्रजी पंगतींत मात्र जो पहिल्या पाटावर बसेल त्यालाच यजमान समजावयाचें, असा नेम आहे.

संस्कृताभिमानी वाचकांस हा प्रकार दरिद्री वाटेल. परंतु इंग्रजी ही जन्मतः अशी नव्हती. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृताचें ग्रीक व लॅटिन या भाषांशीं असलेलें नातें बोलून दाखविलें. त्याच विस्तृत कुळांतली इंग्रजी ही एक दूरची बहीण आहे. नवव्या शतकांत, आल्फ्रेड राजाच्या काळीं, तिच्यांतहि नामांना विभक्तीचीं रूपें होतीं. 'राजा' या शब्दापूर्वीं येणारें 'तो' अशा अर्थाचें दर्शक सर्वनाम कर्त्यासाठीं 'से' असें असे, कर्मासाठीं 'थोने' असें असे. त्यामुळें पदें थोडींफार इकडेतिकडे झालीं तरी अर्थ कळे. पुढें उत्तर व पूर्व इंग्लंडांत डेन लोक येऊन राहिले, १०६६ सालीं नॉर्मन आले, बोलतां बोलतां शब्दांचे शेवट झिजत गेले. चॉसर कवि १४०० सालीं वारला, तोंपर्यंत बहुतेक विभक्तिरूपें नष्ट झालीं होतीं. शेवट गेले तेव्हां त्यांचें काम क्रमानें उचललें. जुन्या ऐश्वर्याच्या खुणा आज सर्वनामांत दिसतात: 'ही' आणि 'हिम', 'आय' आणि 'मी', 'हू' आणि 'हूम'. वाड्याचे मजले पडून गेले तरी एखादा कोरीव खांब उभा असावा तशीं हीं रूपें आहेत. मुलाला कर्ता-कर्म समजावून देण्यास आरंभ येथूनच करावा. कारण येथें त्याला इंग्रजींतहि विभक्ति डोळ्यांनीं पाहावयास मिळते.

हें सर्व घरांत कोणी सांगत नाहीं, त्याचा परिणाम काय होतो? माझ्या माहितीच्या एका एकत्र कुटुंबांत दोन चुलत भाऊ आहेत. थोरला मराठी शाळेंत गेला, धाकटा इंग्रजी माध्यमाच्या. थोरला दहा-अकरा वर्षांचा असतां पाहुण्यांपुढें "आय मँगो ईट" असें बोलून गेला. धाकटा हसला; मुलांचें काय, पण मोठीं माणसेंहि हसलीं. त्या दिवसापासून त्यानें घरांत इंग्रजीचा शब्द काढला नाहीं. दहावीला गणितांत व शास्त्रांत उत्तम गुण असूनहि पुढें शास्त्रशाखेकडे जाण्याचें त्यानें नाकारलें. कारण विचारतां "तेथें सगळें इंग्रजींत असतें, काका," एवढेंच उत्तर मिळालें. आतां त्या बिचाऱ्याचें वाक्य पाहा. कर्ता, कर्म, क्रियापद हा मराठीचा क्रम त्यानें अचूक पाळला होता. कर्म कोणतें आणि कर्ता कोण हें त्याला पुरें ठाऊक होतें. इंग्रजींत पाट बदलतात, हें सांगणारें एक माणूस त्या खोलींत असतें तर अर्ध्या मिनिटाचें काम होतें. इंग्रजी न येणें आणि बुद्धि नसणें या दोन गोष्टी आपल्या घरांत एकच मानल्या जाऊं लागल्या आहेत. हसण्यापूर्वीं वडील माणसांनीं याचा विचार करावा.

आतां उपाय. पाठशाळेंत श्लोक लावण्याच्या दोन पद्धति होत्या: खंडान्वय आणि दंडान्वय. खंडान्वयांत प्रथम मुख्य क्रियापद धरावयाचें आणि त्याला प्रश्न विचारीत जावयाचें: कोण? काय? कोणाला? कशानें? कोठें? प्रत्येक प्रश्नाचें उत्तर म्हणून एकेक पद हातीं येतें. दंडान्वयांत तीं सारीं पदें ठराविक क्रमानें सरळ ओळींत मांडावयाचीं. इंग्रजी वाक्य करावयाचें तर याच दोन पायऱ्या घ्याव्या. मनांत मराठी वाक्य आलें कीं प्रथम क्रियापदाला प्रश्न विचारावे, नंतर मिळालेलीं पदें इंग्रजी पाटांवर बसवावीं: आधीं करणारा, लगेच क्रिया, मग कर्म, उरलेलें शेवटीं. 'आजीनें काल देवळांत कीर्तन ऐकलें.' ऐकलें कोणीं? आजीनें. काय? कीर्तन. कोठें? देवळांत. केव्हां? काल. 'ग्रँडमदर हर्ड अ कीर्तन इन द टेंपल येस्टरडे.'

क्रियापदाला किती पाट हवेत हें क्रियापदच ठरवितें. 'बर्ड्स फ्लाय' यांत अकर्मक क्रिया, दोन पाटांत काम आटोपतें. 'गिव्ह', 'टेल' यांसारखीं क्रियापदें द्विकर्मक. 'आजीनें नातीला गोष्ट सांगितली' याचें इंग्रजी करितांना माणूस आधीं आणि वस्तु नंतर बसते. 'त्यांनीं त्याला अध्यक्ष केलें' यांत कर्मामागून त्याचें पूरक येतें: 'दे मेड हिम चेअरमन'. ही वर्गवारी आपल्या व्याकरणकारांस परकी नाहीं. दादोबा पांडुरंग यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें तेव्हां त्यांच्यापुढें संस्कृत आणि इंग्रजी हे दोन्ही नमुने होते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ग्रंथांत प्रयोगांची व कारकांची चर्चा इतकी कसून केली आहे कीं, ती वाचलेल्या माणसाला इंग्रजी वाक्य भिववूं शकणार नाहीं. रेन आणि मार्टिन यांचें व्याकरण तर पुष्कळ घरांत कपाटावर धूळ खात पडलेलें असतें. त्याचें पहिलें प्रकरण वाक्यावर आणि दुसरें उद्देश्य-विधेयावर आहे. तीं दोन प्रकरणें घाईनें उलटून मुलाला शब्दांच्या जाती घोकावयास बसवितात, हा दोष पुस्तकाचा नव्हे. (यांतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होते, आणि पुढें १९२४ च्या 'बो जेस्ट' या कादंबरीनें नांवाजले, हें विद्यार्थ्यांस सांगितलें कीं त्यांस मोठी मौज वाटते.)

याहूनहि एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. हॉर्नबी नांवाचे एक इंग्रज शिक्षक जपानांत इंग्रजी शिकवीत असत. जपानी भाषेंतहि मराठीप्रमाणेंच क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें. परक्या विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ सांगून भागत नाहीं, तें क्रियापद कोणत्या घडणीच्या वाक्यांत बसतें हेंहि सांगावें लागतें, या जाणिवेनें त्यांनीं केलेला कोश १९४२ सालीं टोकियोंत निघाला. आणि १९५४ सालीं त्यांनीं क्रियापदांच्या पंचवीस घडणींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. जपानी मुलाची अडचण आणि सदाशिव पेठेंतल्या मुलाची अडचण एकच आहे, हें कळलें म्हणजे पुष्कळसा संकोच गळून पडतो.

मराठी मुलाची खरी फजिती होते ती 'मला' या शब्दापाशीं. 'मला भूक लागली', 'मला थंडी वाजते', 'मला आंबा आवडतो', 'मला दोन भाऊ आहेत', 'मला घरीं जावयाचें आहे.' मराठी माणसाच्या साऱ्या इच्छा, व्यथा व संपत्ति या चतुर्थीसारख्या 'ला'वर उभ्या आहेत. व्याकरणदृष्ट्या पाहिलें तर लागणारी भूक आहे, वाजणारी थंडी आहे, आवडणारा आंबा आहे. क्रियापदाचें लिंगवचन त्यांच्यामागें जातें. 'आंबा आवडतो', पण 'चिंच आवडते'. आपण केवळ सोसणारे! या वाक्यांचा मराठी अन्वय जसाच्या तसा इंग्रजींत नेला कीं 'टु मी' पासून आरंभ होतो आणि पुढें वाट सांपडत नाहीं. इंग्रजींत ज्याला अनुभव येतो त्यालाच पहिल्या पाटावर बसवितात: 'आय एम हंग्री', 'आय फील कोल्ड', 'आय लाइक मँगोज', 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय वाँट टु गो होम'. म्हणून मुलाला एवढें शिकवावें कीं, वाक्य 'मला'नें सुरू होत असेल तर इंग्रजी करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. बहुतेक ठिकाणीं 'मला' जाऊन 'मी' येणार आहे.

मात्र अनुभव घेणारें कोणी नसेल तर? 'पाऊस पडतो आहे.' 'आमच्या आळींत एक विहीर आहे.' मराठीला येथें अडचण नाहीं. इंग्रजीला पहिला पाट रिकामा ठेवलेला खपत नाहीं. म्हणून ती तेथें एक नामधारी पाहुणा बसविते. पहिल्या वाक्यांत 'इट' येतें, 'इट इज रेनिंग'; दुसऱ्यांत 'देअर', 'देअर इज अ वेल इन अवर लेन'. या 'इट'चा अर्थ काय, असें चौकस मुलें विचारतात. कांहीं नाहीं, जागा अडवून बसणें हेंच त्याचें काम, असें सांगितलें कीं त्यांचें समाधान होतें.

दुसरें संकट 'इज'चें. संस्कृतांत 'रामः पण्डितः' एवढ्यानें वाक्य पुरें होतें. 'अस्ति' मनांत समजून घ्यावयाचें. मराठींतहि 'हा माझा भाऊ' म्हटलें कीं झालें. इंग्रजींत क्रियापदावांचून विधान नाहीं; 'ही माय ब्रदर' हें वाक्यच नव्हे, 'इज' पाहिजेच. हें एकदां रागावून सांगितलें कीं मूल दुसऱ्या टोंकाला जातें आणि जेथें तेथें 'इज' पेरूं लागतें: 'ही इज गो', 'ही इज प्लेज'. याचेंहि कारण मराठींतच आहे. आपल्या 'तो जातो' व 'तो जात आहे' या दोन रूपांत बोलतांना फारसा भेद उरत नाहीं. तेव्हां नियम करावा: दुसरें क्रियापद नसेल तर 'इज' एकट्यानें बसावें, दुसरें असेल तर तें 'गोइंग', 'प्लेइंग' असें होऊन आलें तरच 'इज'नें त्याला जवळ घ्यावें. कर्मणि वाक्यांचा विचार पहिल्या वर्षीं काढूंच नये.

उरलेल्या पदांची मांडणी पाहतांना एक गंमत दिसते. 'काल संध्याकाळीं मी भावाबरोबर बाजारांत गेलों' हें वाक्य घ्या. इंग्रजी होतें: 'आय वेंट टु द मार्केट विथ माय ब्रदर येस्टरडे ईव्हनिंग.' कर्ता सोडून बाकीचें वाक्य शेवटाकडून वाचीत या: गेलों, बाजारांत, भावाबरोबर, काल संध्याकाळीं. आरशांतलें प्रतिबिंब! शब्दांच्या पोटांतहि तेंच: आपण 'टेबलावर' म्हणतों, ते 'ऑन द टेबल', आपलें शब्दयोगी अव्यय मागून येतें, त्यांचें पुढून. आमच्या वर्गांत मुलें लांब मराठी वाक्य फळ्यावर लिहून शेवटाकडून कर्त्याकडे बाण काढीत, आणि अवघड वाटणारें वाक्य हंसतखेळत सोडवीत. कवितेंत व भर देतांना इंग्रज लोकहि क्रम मोडतात. परंतु ज्याला सरळ चालतां येत नाहीं त्यानें नाचूं नये.

प्रश्नार्थक वाक्याचें थोडक्यांत सांगतों. मराठींत वाक्य तसेंच ठेवून 'का' जोडला कीं प्रश्न झाला. इंग्रजींत कर्ता आणि साहाय्यक क्रियापद पाट बदलतात: 'यू आर गोइंग', 'आर यू गोइंग?' साहाय्यक नसेल तर 'डू' उसना आणावयाचा. 'व्हेअर यू आर गोइंग?' हा प्रश्न भल्याभल्यांच्या तोंडून ऐकूं येतो. त्यांत 'व्हेअर' पुढें आलें, पण मागच्या दोघांनीं पाट बदलले नाहींत.

हें सगळें वहींत लिहून पाठ करविण्यापेक्षां जमिनीवर मांडावें. वर सांगितलेल्या कुटुंबांत मागच्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं तसें केलें. चार पाट ओळीनें मांडले. पहिल्यावर करणारा, दुसऱ्यावर क्रिया, तिसऱ्यावर कर्म, चौथ्यावर स्थळकाळ. मुलांच्या हातीं शब्दांच्या चिठ्ठ्या दिल्या. आजीबाईंनीं मराठी वाक्य म्हणावयाचें आणि मुलांनीं आपापल्या पाटावर जाऊन बसावयाचें. पहिल्याच वाक्यांत वाघ आणि शिकारी यांची भांडाभांडी झाली. पुढें आजीबाई "मला झोंप आली" म्हणाल्या, तेव्हां इंग्रजी माध्यमांतला धाकटा, ज्याला 'आय एम स्लीपी' विचार न करितां म्हणतां येत होतें, त्याला मराठी वाक्यांत कर्ता कोण तें सांगतां येईना. "झोंप!" असें उत्तर थोरल्यानें दिलें; आणि कां, तेंहि सांगितलें. तो आतां वीस वर्षांचा आहे. मुलांचा खेळ म्हणून तो दारांत उभा राहिला होता, तो खालीं बसला आणि संध्याकाळपर्यंत धाकट्या भावंडांना चिठ्ठ्या लिहून देत होता. दुसऱ्या दिवशीं वाक्यें म्हणून दाखवितांना 'ही' व 'हिम' यांचे पाट त्यानेंच सर्वांस समजावून दिले, आणि तीं वाक्यें तो मोठ्यानें म्हणाला.

ज्यांस घरीं हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं पांच वाक्यें देतों. 'आजोबांनीं नातवाला घड्याळ दिलें.' 'त्याला राग आला.' 'हें पुस्तक जुनें.' 'आमच्या गांवांत दोन देवळें आहेत.' 'उद्यां सकाळीं मामा मुंबईहून येईल.' पहिल्यांत दोन कर्में आहेत, दुसऱ्यांत 'ला' फसवील, तिसऱ्यांत क्रियापद लपलें आहे, चौथ्यांत पहिला पाट रिकामा राहील. पांचव्यांत मूल आरशाच्या नियमानें 'मॉर्निंग' आधीं आणि 'टुमारो' नंतर ठेवूं पाहील. तेथें त्याला थांबवावें. कारण 'उद्यां सकाळीं' ही जोडी इंग्रजींतहि त्याच क्रमानें, 'टुमारो मॉर्निंग' अशीच, एका पाटावर बसते.